क्लॅप्टनलाही गुरू होता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या जुन्या गिटारवाल्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा सकाळी चहाबरोबर, दुसऱ्यांदा दुपारी दुकानाची फळी लावून, चष्मा पुसून. लेख चांगला आहे. एरिक क्लॅप्टन, जॉर्ज हॅरिसन, ब्रायन मे या मंडळींबद्दल मराठीत इतकं बैजवार फारसं कोणी लिहीत नाही, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण मधल्या रकान्यातलं एक वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं आहे. 'ही सगळी मुलं कुठल्याही गुरूविना, स्वतःच्या बळावर शिकली' असं ते वाक्य. भाताचा मुटका गिळून पाहिला, काटा जात नाही. म्हणून हे पत्र.

त्यांना गुरू होता. बर्ट वीडन, इंग्लंडचेच गिटारवादक. २० एप्रिल २०१२ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी ते गेले. तुमचा लेख नेमका त्यांच्या पुण्यतिथीच्या आठवड्यात आला आणि त्यात त्यांचं नाव एकदाही नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण ते माझेही गुरू. गैरसमज नको. क्लॅप्टनच्या पंक्तीत माझं पान मांडायला मी आलेलो नाही. मी रत्नागिरीत रेडिओ नि ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आलो. हल्ली रेडिओ येत नाहीत, मिक्सर आणि टेबलफॅन येतात. तरण्या वयात सात-आठ वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, एवढीच माझी कमाई. पण ज्या पुस्तकावरून ते शिकले त्याच पुस्तकावरून मी शिकलो.

पुस्तकाचं नाव 'प्ले इन अ डे'. म्हणजे एका दिवसात वाजवा. १९५७ साली इंग्लंडात निघालं. ते आमच्या आळीत कसं पोचलं ते आधी सांगतो.

आमच्या घरापासून राजिवड्याकडं जाताना हाकेच्या अंतरावर एक चाचा राहायचे. इंग्रज कंपनीच्या मालवाहू जहाजावर डेकला होते. त्या काळी या किनाऱ्यावरचे कितीतरी लोक जहाजावर असायचे, घरी बाया-पोरं नि म्हातारी माणसं. वर्षा-दीड वर्षानं चाचा मुंबईहून बोटीनं यायचे, मांडवीला उतरायचे, आणि त्यांची लोखंडी ट्रंक उघडली की तिच्या वासानंच आळी गोळा व्हायची. साबण, बिस्किटांचे डबे, ब्लँकेटं. १९६८ साली ते फार उशिरा आले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये लढाई होऊन सुवेझ कालवा बंद पडला होता नि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात-येत होती. त्या खेपेला ट्रंकेबरोबर ताडपत्रीत गुंडाळलेली एक गिटार होती, आणि तिच्या तारांखाली खोचलेलं हे पातळसं पुस्तक. थोरल्या मुलानं हट्ट करून मागवलेलं. मुलानं आठ दिवस तारा ओढल्या, बोटांना फोड आले, नवव्या दिवशी गिटार खुंटीला गेली आणि वर्षाच्या आत तोही जहाजावर गेला.

मी तेव्हा १५ वर्षांचा. शाळा सुटली की मामाच्या रेडिओच्या दुकानात डाग द्यायला बसायचो. चाचांचा ट्रान्झिस्टर दुरुस्त करून पोचवायला गेलो आणि भिंतीकडं बघतच राहिलो. चाचा म्हणाले, "होवी तर ने रे. हितं पाली बसतात तिच्यावर. पन फोडू नको."

ट्रान्झिस्टरचे पैसे मात्र राहिले ते राहिलेच.

चाचांचं जहाज लंडनच्या रॉयल आल्बर्ट डॉकला लागायचं. ते 'आल्बट डाक' म्हणायचे. पुढं फार वर्षांनी नकाशात पाहिलं तेव्हा कळलं, त्या गोदीला लागूनच ईस्ट हॅम नावाची वस्ती आहे. बर्ट वीडन यांचा जन्म त्याच ईस्ट हॅमचा, १० मे १९२०चा. वडील लंडनच्या भुयारी रेल्वेवर गाडी चालवायचे. मुलानं पेटिकोट लेनच्या बाजारातून जुनी गिटार घेतली आणि १२व्या वर्षापासून शास्त्रशुद्ध शिकायला लागला. हा बाजार रविवारी भरतो. आमचे चाचाही सांगायचे, गिटार 'संडे बाजारातनं' आणली म्हणून. तोच बाजार, असं ठोकून द्यायचा मोह होतो. पण लंडनात रविवारचा बाजार एकच थोडाच भरत असेल? तेव्हा ते सोडतो. गोदीचं मात्र खरं. चाचा वर्षानुवर्षं ज्या धक्क्यावर दोर टाकत होते, त्याच्या मागच्या वस्तीतल्या माणसाचं पुस्तक त्यांनीच ट्रंकेबरोबर वाहून आणलं, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

आता शिक्षणाकडं येतो.

गिटार सुरात लावायची इथंच पहिलं घोडं अडलं. सहा तारांची सहा इंग्रजी अक्षरं होती, ई, ए, डी, जी, बी, ई. हे सूर आणायचे कुठून? मी पुस्तक घेऊन आमच्या देवळातल्या भजनाच्या पेटीमास्तरांकडं गेलो. त्यांना इंग्रजी सुरांचं काही ठाऊक नव्हतं, पण डोकं जाग्यावर होतं. त्यांनी पेटी खोलली. आतल्या पितळी सुरांवर अक्षरं कोरलेली असतात, ती भिंगातून वाचली आणि मला मांडून दिलं: जाड तारेपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. मी ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं. ३-६-२-५-७-३. स्वतःच्या स्कूटरचा नंबर मला आजही पाठ नाही, हा आहे.

मग कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर. मी डीपासून सुरुवात केली, बहुतेक आकृती लहान दिसली म्हणून. आकृतीत सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, आणि ठिपका असेल तिथं बोट. डावीकडची रेघ ही जाड तार. मी नेमकं उलटं धरलं. पान समोर नि गिटार मांडीवर, तेव्हा आरशात दिसतं तसं उलट असणार, असा मी तर्क लढवला. तिन्ही बोटं जाड तारांवर दाबून हात फिरवला की दावणीला म्हैस खेचावी तसा आवाज यायचा. पंधरा दिवस मी हा 'डी' घोटत होतो आणि इंग्रजांच्या कानाला हे गोड कसं लागतं याचं नवल करत होतो.

शेवटी पेटीमास्तरांनी कानावर हात ठेवले. "अरे, हा सूर नव्हे, हा आजार आहे," म्हणाले. "डी म्हणजे आपली पांढरी दोन ना? तिला सा धर. सा-ग-प झालं तर गोड लागेल, नाहीतर कसं लागेल?" त्यांनी पेटीवर पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा एकदम दाबली. देवळाच्या ओटीवर तो आवाज असा उभा राहिला, की मी अजून विसरलेलो नाही. मग आम्ही ते तीन सूर गिटारवर शोधत बसलो. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर प मिळाला, दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर वरचा सा, पहिल्या तारेच्या दुसऱ्यावर ग. तिन्ही बोटं बारीक तारांवर! पुस्तक बरोबर होतं, वाचणारा आडमुठा होता.

पेटीमास्तरांना कॉर्ड हा प्रकार शेवटपर्यंत पटला नाही. "एक सूर धड लागत नाही नि तुम्ही तीन-तीन एकदम लावता," असं म्हणायचे. मामा तर रोज म्हणायचा, "पुस्तक वाचून कोण पोहायला शिकलाय?" मला त्यावर तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आता सुचतं, पण मामा नाही.

तारांची एक वेगळीच कथा आहे. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात पोलादी तारेला चार महिन्यांत तांबेरा चढतो. रोज वाजवून झाल्यावर खोबरेल लावलेल्या फडक्यानं पुसा, तरी चढतो. सगळ्यांत बारीक तार पहिल्या पावसाळ्यातच तुटली. रत्नागिरीत तेव्हा गिटारची तार मिळायची नाही, मुंबईला जाणाऱ्या कोणाला तरी सांगायचं आणि महिनाभर वाट बघायची. मी मिरकरवाड्यात जाळ्यांचं सामान विकणाऱ्याकडून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणला आणि तो चढवला. आवाज मऊ यायचा, पण यायचा. मासे धरायचा तंगूस नि गिटारची नायलॉनची तार यांचा वंश एकच, हे मला पुढं कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, मोठाच शोध लावला.

या शोधानं माझी फजिती कशी केली तेही सांगतो. दोन वर्षांनी मी गिटारला पिकअप, म्हणजे तारांची थरथर ॲम्प्लिफायरला पोचवणारा तुकडा, बसवला. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार उलगडून गुंडाळली, फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक घातला, दुकानातल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला जोडलं. हमिंग यायचं, पण वाजायचं. गणपतीत आळीच्या मंडपात आमचा पहिला कार्यक्रम. एका गाण्यात मधे मी एकट्यानं वाजवायचा तुकडा होता, तो मी सगळा पहिल्या तारेवर बसवलेला. तुकडा आला, माझी बोटं धावायला लागली आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही. पुढं बसलेल्या पोरांना वाटलं, हा वाजवायची नक्कल करतोय. तीही माझ्याकडं बघून हात हलवायला लागली. कारण अगदी साधं. लोहचुंबकावरच्या पिकअपला पोलाद हललेलं कळतं, तंगूस हललेला कळत नाही. रेडिओच्या दुकानात वाढलेल्या मुलाला हे आधी कळायला नको होतं? मामानं ही गोष्ट गिऱ्हाइकांना दहा वर्षं पुरवली.

बाकी वाद्यानंच गाणं म्हणायचं, गाणारा नको, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कोकणात बेंजो पार्टी गावागावांत आहे. गणपती आणायला निघा, लग्नाची वरात काढा, पुढं बेंजोवाला अख्खं गाणं एका तारेवर म्हणत असतो आणि मागं ढोल-ताशा. वीडन यांचं नाव झालं ते अशाच बिनगाण्याच्या तबकडीनं. १९५९ सालची 'गिटार बूगी शफल'. मूळ चाल अमेरिकेतल्या आर्थर स्मिथची. वीडन यांची तबकडी इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेली. गिटारवादक म्हणून स्वतःच्या नावावर त्या यादीत चढलेले ते पहिले ब्रिटिश. तेव्हा त्यांचं वय ३९. रॉक अँड रोल म्हणजे पोरासोरांचा धुडगूस असा तो काळ, आणि हा सूट-टाय घालणारा, नाचाच्या बँडमध्ये नि बीबीसीच्या वाद्यवृंदात वाजवलेला, नोटेशन घडाघडा वाचणारा माणूस. टॉमी स्टील, बिली फ्युरी, ॲडम फेथ या नव्या पोरांच्या ध्वनिमुद्रणाला गिटार वाजवायला यांनाच बोलवायचे. फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल यांच्याही साथीला ते होते. म्हणजे वादक म्हणून त्यांचं पोट व्यवस्थित भरत होतं. पुस्तक लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

पण पुस्तकाची गरज किती होती ते बघा. १९५६ साली लॉनी डॉनेगन या गायकाच्या गाण्यानं इंग्लंडात स्किफल नावाचं वारं सुटलं. एक स्वस्तातली गिटार, कपडे धुवायची पत्र्याची फळी, आणि चहाच्या खोक्याला काठी नि दोरी बांधून केलेला बास, एवढ्यावर गल्लोगल्ली पोरं वाजवायला लागली. गिटार घेतली हजारोंनी, शिकवणार कोण? जे शिकवणारे होते ते शास्त्रीय तरी शिकवत, नाहीतर पैसे फार घेत. चांगली वाद्यंही हाताशी नव्हती. युद्धानंतरच्या डॉलरच्या टंचाईत ब्रिटननं अमेरिकन वाद्यांची आयात १९५९पर्यंत बंद ठेवली होती. शॅडोज या बँडच्या हँक मार्विनच्या हातातली ती प्रसिद्ध लाल फेंडर गिटार गायक क्लिफ रिचर्डनं आयात मोकळी झाल्यावर अमेरिकेहून मागवून दिलेली. लायसन्स-परमिटच्या दिवसांत परदेशी व्हॉल्व्हसाठी मुंबईच्या खेपा घातलेल्या माझ्यासारख्याला यात काही नवल वाटत नाही. साहेबाचीही तीच गत होती, हे वाचून थोडं बरंच वाटलं.

आता एक कबुली. गुरूंचं नाव मला १९६८पासून माहीत होतं, ते मुखपृष्ठावरच होतं. पण त्यांची वाजवणूक मी ऐकली २०१२ साली, ते गेल्यावर. त्या मे महिन्यात पुतण्या मुंबईहून आंबे खायला आला होता, त्यानं बातमी दाखवली आणि मोबाइलवर 'गिटार बूगी शफल' लावलं. ४४ वर्षं ज्याच्या सांगण्यावरून बोटं ठेवली त्याचा आवाज पहिल्यांदा कानावर आला. खरं सांगू? मी थोडा हिरमुसलो. मला वाटलं होतं, तुफान असेल. होतं ते स्वच्छ. एकेक सूर निवडलेल्या तांदळासारखा, एकही खडा नाही, आणि उधळणं म्हणून कुठं नाही. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं, शिकवणाऱ्याचा हात असाच असतो. बोट कुठं पडलं हे ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे.

'अपाची'ची हकीकत यासाठीच सांगण्यासारखी आहे. जेरी लॉर्डन यांनी रचलेली ही धून आधी वीडन यांनी मुद्रित केली होती. कंपनीनं ती लगेच बाजारात आणली नाही. तोवर शॅडोजनी तीच धून वाजवली, १९६०च्या उन्हाळ्यात बाहेर काढली आणि ती पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर बसली. वीडन यांची मागून आली, २४व्या क्रमांकापर्यंत गेली. तुमच्या लेखात शॅडोजचं 'अपाची' आहे, हे नाही. मी दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकली. गुरूंचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, शॅडोजची सरस आहे. हँक मार्विनच्या तारेचा सूर टेपच्या एको यंत्रातून दुमडून येतो आणि डोळ्यांपुढं मोकळं माळरान उभं राहतं. रचनाकारालाही वीडन यांची वाजवणूक मनासारखी वाटली नव्हती. जे आहे ते आहे. चांगला शिक्षक हा चांगला वादक असतो, पण वर्गातला सर्वांत चांगला वादक तोच असेल असं थोडंच?

आणि वर्ग कसला होता! क्लॅप्टननं स्वतः सांगितलं आहे, की या पुस्तकानं हुरूप दिला नसता तर आपण पुढं रेटलं नसतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं सांगितलं आहे, की तो आणि जॉर्ज हॅरिसन यांनी वीडन यांच्या पुस्तकांवरून डी आणि ए या कॉर्ड बसवल्या. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. डी! लिव्हरपूलच्या पोरांनी आकृती उलटी धरली होती का, हे विचारायला हवं होतं कोणीतरी. गिटारवादक माइक ओल्डफील्ड तर माझ्याच वयाचा, १९५३चा. सातव्या वर्षी त्यानं वीडन यांना टीव्हीवर पाहिलं आणि बापाकडं गिटारचा हट्ट धरला. मुलांच्या कार्यक्रमांत वीडन नेहमी असायचे. ब्रायन मेचंही नाव या वर्गात आहे. त्यानं तर गिटारही वडिलांच्या मदतीनं घरीच बनवली, पिकअपसुद्धा आधी स्वतःच गुंडाळून पाहिले. त्याची नि माझी गाठ पडायला हवी होती, तंगुसाची गोष्ट त्याला नक्की आवडली असती.

लेखक म्हणतील, छापील पुस्तकाला कोणी गुरू म्हणतं का? शिकले ते पोरांच्या मेहनतीनंच ना? मेहनत पोरांचीच, त्यात वाद नाही. पण मला सांगा, सुरुवातीच्या त्या महिन्यात, जेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि वाजतं ते म्हशीसारखं, तेव्हा 'हे जमतं, हे सगळ्यांना जमतं, आता पुढचं पान उलट' असं म्हणणारं कोणीतरी लागतं. पेटीमास्तर ते म्हणत नव्हते. मामा तर नव्हताच म्हणत. चाचांच्या मुलाला नवव्या दिवशी ते ऐकू आलं नाही. मला आलं, ते कागदातून आलं. पुस्तकाचं नाव शुद्ध थाप आहे, एका दिवसात काही येत नाही, मला डी यायलाच महिना लागला. पण नाव 'तीन वर्षांत वाजवा' असतं तर मी ते उघडलं असतं का? दहा लाखांवर प्रती खपल्या त्या पुस्तकाच्या. 'स्वतःच्या बळावर' असं छापताना लेखकानं या एका नावाचा शोध घ्यायला हवा होता. २००१ साली त्यांच्या सरकारनं त्यांना ओबीई हा किताब दिला, म्हणजे नाव काही अगदीच गुपित नव्हतं. पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, एवढंच मागणं आहे. १० मे हा त्यांचा जन्मदिवस, त्याच्या आत छापलीत तर बरं.

दुसरं मागणं तुमच्या वाचकांकडं.

माझ्या प्रतीची शेवटची पानं १९७६च्या पावसाळ्यात पोटमाळ्यावर वाळवीनं खाल्ली. त्याच वर्षी तिकडं वीडन यांची तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली, वयाच्या ५६व्या वर्षी. हा हिशेब मी फार उशिरा जुळवला. मी तोवर त्या पानांपर्यंत पोचलो नव्हतो. ऑर्केस्ट्रा सुरू झाला होता, रोजचे कार्यक्रम, पुस्तकाची गरज संपली असं वाटायचं वय होतं ते. त्यामुळं एका दिवसात संपवायचं पुस्तक माझं अजून संपलेलं नाही. पुतण्या म्हणतो, मोबाइलवरून मागवतो, घरपोच येईल. येईलही. पण मला आधी दुसरंच बघायचं आहे. त्या वर्षांत लंडनच्या गोदीतून या किनाऱ्यावर कितीतरी ट्रंका उतरल्या. राजिवडा, कर्ला, जयगड, दाभोळ, हर्णै, तिकडं खाली जैतापूर-विजयदुर्गापर्यंत, कोणाच्या तरी माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटाऱ्यात या पुस्तकाची आणखी एखादी प्रत असणारच. कोणीतरी ती उघडून डी उलटा वाजवला असणारच.

अशी प्रत असेल त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, मी येऊन जाईन. शेवटची पानं झेरॉक्स करून पुस्तक त्याच दिवशी परत करीन. गिटार शिल्लक असेल तर तीही काढून ठेवावी, ३-६-२-५-७-३ वर लावून देईन. पहिली तार तंगुसाची असली तरी चालेल.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक (रेडिओ दुरुस्तीवाला), रत्नागिरी